पाय काढेपर्यंत

मी पायाळू. जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले, आणि एवढ्याच एका गोष्टीमुळे लोणावळ्याच्या आमच्या आळीत मला अगदी लहानपणापासून एक काम मिळालं. ओझं उचलताना किंवा वाकताना कुणाच्या पाठीत, बरगडीत कळ धरली, श्वास घेणं अवघड झालं, की उसण भरली म्हणत आणि तो माणूस आमच्या दारात येई. पायाळू माणसानं दुखऱ्या जागी पाय लावला की उसण जाते, असं तेव्हा सगळेच मानत. हिंदू मानत, आम्ही मुसलमानही मानत असू. माणूस अंगणात पालथा निजे. मी उजव्या पायाची टाच त्याच्या पाठीवर टेकवून उभी राहत असे. नियम एकच होता. मी पाय काढेपर्यंत हलायचं नाही आणि बोलायचं नाही. हा नियम आईच्या माहेरचा, वडिवळ्याचा, पण तो पाळायला लावण्याचं काम माझ्या वडिलांचं. ते दारातल्या दगडावर बिडी ओढत बसत आणि खाली पालथा पडलेला हमाल जरा चुळबुळला की ओरडत, "ए, हलू नगंस! पोरीनं पाय काढलाय का? मग?" शेवटी मी पाय काढी आणि थोरामोठ्याला पाय लागला म्हणून वाकून सलाम करी. उसण खरंच जात असे का, हे मला सांगता येणार नाही. माणसं उठून कपडे झटकत आणि बरं वाटलं म्हणत, एवढं मी पाहिलेलं आहे.

वडिलांना आम्ही अब्बा म्हणत असू आणि आईला आईच, कारण तिच्या माहेरच्या भातखाचरांत वाढलेल्या तिच्या सगळ्या भावंडांना दुसरा शब्द ठाऊक नव्हता. घरात बोली मावळी. नमाज आणि शिव्या तेवढ्या वेगळ्या भाषेत. अब्बांचा टांगा होता. स्टेशनावर गाडी आली की मुंबईचे पाहुणे, त्यांच्या ट्रंका, होल्डॉल आणि कधीकधी पिंजऱ्यातला पोपट घेऊन ते बंगल्यांच्या बाजूला जात. घोडी पांढरी होती. तिचं नाव चांदणी. तिचा तबेला म्हणजे आमच्या मधल्या खोलीची मागची भिंत. त्या भिंतीला वर हातभर झरोका होता, त्यातून घोडीचा वास, तिचं फुरफुरणं आणि तोबऱ्यातले हरभरे चावण्याचा आवाज घरात येई. मी त्या आवाजावर झोपत असे. पहाटे अब्बांचा खरारा सुरू होई, त्या खरखरीबरोबर ते घोडीशी बोलत, आणि आईच्या मते ते घोडीशी जेवढं बोलत तेवढं तिच्याशी लग्न झाल्यापासून बोलले नव्हते. आई घोडीला घाबरे. हरभऱ्याची घमेली ती तबेल्याच्या उंबऱ्यावर ठेवी आणि मागे सरे. त्या घरात इतकी वर्षं काढूनही ती चांदणीच्या हाताच्या अंतरावर गेलेली मी पाहिली नव्हती. चुलीवर तांदळाची भाकरी, बोंबलाची चटणी, गुरुवारी पातळ डाळ आणि कधी मटण. अब्बा जेवताना एक तुकडा बाजूला काढून ठेवत. तो गुळाचा असे आणि घोडीसाठी असे.

ते झालं उन्हाळ्याच्या ऐन मोसमात. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन. अब्बा सकाळी खरारा करून आत आले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. उजवा हात छातीवर होता. म्हणाले, "उसण भरली. काल त्या पारशिणीची पेटी चढवली ना माडीवर, तवाच कायतरी झालं." कळ छातीच्या मधोमध होती आणि डाव्या हातात कोपरापर्यंत उतरत होती. पण उसण कुठंही भरू शकते असं आम्ही धरून चाललो होतो, त्यामुळे ते कुणाला वावगं वाटलं नाही. ते अंगणात पालथे झाले. मी टाच टेकवली. ते हलले नाहीत, बोललेही नाहीत. दगडावर दटावायला कुणी नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. मी पाय काढला तेव्हा माझी टाच ओली होती. त्यांचा सदरा घामानं चिंब झाला होता. अब्बा उठले, "गेली बघ" म्हणाले आणि घोडीचा साज उतरवायला खुंटीकडे वळले. तेव्हा आईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "उसणीला असला घाम येतो व्हय? ओठ बघा की कसं झालंत. बसा हितंच." अब्बा म्हणाले, "नऊची गाडी चुकंल." आईनं साज त्यांच्या हातातून काढून घेतला आणि धाकट्या चाचांना हाक मारली, "दस्तगीर, टांगा जुंप आन् डाक्टरला आन. पळव." त्या दिवशी नऊच्या गाडीला आमचा टांगा नव्हता.

डॉक्टर तळेगावचे होते. मोसमात ते लोणावळ्यात दवाखाना चालवत. त्यांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, एक इंजेक्शन दिलं. ते अफूपासून केलेलं वेदनाशामक होतं, हे मला पुढे कळलं. थोड्या वेळानं अब्बांच्या कपाळाच्या आठ्या गेल्या. मग डॉक्टरांनी विचारलं, काय काय केलंत? आईनं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाय लावण्यात वेळ घालवलात. आणि वर ते उठून उभे राहिले." एवढंच. मग त्यांनी आईला बाहेर अंगणात नेऊन समजावलं. मी दाराआड होते. "तुमच्या वडिवळ्याला खाचरात पाणी पाटानं येतं ना? पाटात दगड अडकला तर पुढचं खाचर वाळतं. काळीज हा स्नायू आहे. त्याला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यातली एक बंद झालीय, आणि तेवढ्या तुकड्याला रक्त मिळालं नाही म्हणून तो तुकडा मेला." आई म्हणाली, "मग दगड काढा की." डॉक्टर म्हणाले, "तो काढायचा उपाय आमच्याकडे नाही." आईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं विचारलं, "जगतील?" "पहिले काही दिवस नाजूक आहेत. त्यातून सुटले तर पुढचं सगळं एकाच गोष्टीवर आहे. सहा आठवडे पलंगावर. उताणं. हातसुद्धा वर करायचा नाही. जेवण भरवायचं, दाढी दुसऱ्यानं करायची, सगळं जागेवर. मेलेल्या जागी नवं कातडं धरायच्या आत जोर पडला तर काळीज तिथंच फाटू शकतं."

आजच्या वाचकाला हे सगळं विचित्र वाटेल. गेल्या वर्षी माझ्या भाच्याला असाच झटका आला. मनगटातून तार घालून त्याची बंद नळी उघडली, आत जाळीची नळी बसवली आणि तिसऱ्या दिवशी तो वॉर्डात फेऱ्या मारत होता. दगड काढता येतो आता. इतकंच नव्हे, तर दीर्घकाळ निजवून ठेवण्यानंही पायात रक्त गोठून जीव जाऊ शकतो, असं त्याच्या डॉक्टरीण बाईंनी मला सांगितलं. पण आमच्या डॉक्टरांजवळ जे होतं ते त्यांनी दिलं. एक इंजेक्शन, दडपून कळ आली तर रुमालात फोडून हुंगायच्या काचेच्या इवल्या कुप्या, आणि विश्रांती. त्यातली तिसरी गोष्ट आमच्यावर सोपवलेली होती, आणि तीच अवघड होती. कारण अब्बा दोन दिवसांत बरे दिसायला लागले. कळ नव्हती. भूक होती. भिंतीपलीकडे चांदणी होती.

डॉक्टर हे जाणून असावेत. दुसऱ्या दिवशी ते अब्बांच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "हुसेनभाई, साजाचा पट्टा घासून घोडीच्या खांद्याला जखम झाली तर काय करता?"

"सोडून ठेवतो."

"किती दिवस?"

"कातडं धरंपातूर."

"वरून बरी दिसली, दाणा खायला लागली, तर जुंपता?"

"न्हाई. वरनं खपली धरती, आत वलं असतं." अब्बांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "डाक्टर, तुमी मला घोडीत काढलं."

"तुम्हाला दुसरं काही समजत नाही म्हणून."

अब्बा हसले आणि डॉक्टरांनी लगेच हात वर करून हसणंही थांबवलं.

मग दिवस सुरू झाले. आई तांदळाची पेज चमच्यानं भरवी, आणि अब्बा प्रत्येक चमच्याआधी "मीठ घातलंस?" असं विचारत, कारण मीठ घातलेलं नाही हे त्यांना कळत होतं. चाचा दाढी करत. त्यांचा हात वस्तऱ्याला सरावलेला नव्हता, त्यामुळे अब्बांची हनुवटी त्या महिन्यात कधी एकसारखी नव्हती. नमाज ते निजूनच पढत, नुसत्या पापण्यांनी. पापण्या मिटल्या की आई मला गप्प बसायची खूण करी. कधीकधी त्या नमाजानंतरही मिटलेल्या राहत, आणि मग आई तळहात त्यांच्या नाकापुढे धरी. स्टेशनावरचे टांगेवाले विचारपूस करायला येत. आजाऱ्याला भेटायला आलं की पाट मांडायचा, चहा द्यायचा, आणि आजाऱ्यानं उठून बसायचं, अशी रीत. आईनं दारात खाट आडवी टाकली आणि स्वतः तिच्यावर बसली. "बाहेरनंच इचारा. मी सांगते." लोक रागावले. त्यांचा चहा तिनं चुकवला नाही.

मला एक काम मिळालं. वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. अब्बांना अक्षर येत नव्हतं, पण स्टेशनावर कुणी पेपर वाचत असलं की ते तिथं टांगा उभा करत. लढाईचे दिवस होते. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, मनाला धक्का बसेल असं काही वाचायचं नाही. मी मजकुरावर आधी नजर फिरवी आणि बुडालेली जहाजं, पडलेली शहरं, जळलेल्या गिरण्या वगळून उरलेलं वाचे. सोन्याचा भाव, सभा, हरवलेल्या छत्रीची जाहिरात. चार-पाच दिवस हे ऐकल्यावर अब्बा छताकडे पाहत म्हणाले, "लय दिस झालं, जगात कुनीच मेलं न्हाई व्हय?" पुढे मी आयुष्यभर वर्तमानपत्रात बातम्या कापण्याचीच नोकरी केली. त्या टेबलावरच्या कुठल्याही वरिष्ठानं माझी कात्री इतक्या लवकर पकडली नाही.

उसणीची माणसं येतच होती. पण आता मी पाय लावण्याआधी विचारू लागले. कळ छातीत आहे का, हातात उतरते का, घाम सुटतो का, मळमळतं का. कुरवंड्याहून दूध घेऊन येणारी ठकूमावशी कमरेत वाकून अंगणात उभी होती, ती वैतागली. "अगं पाय लाव, पोलिसावानी काय इचारतीस? हंडा उचलताना कमरंत भरलीया. छातीत दुखाया मी काय हुसेनभाऊ हाय?" मी पाय लावला. आतून अब्बांचा आवाज आला, "हलू नगंस, ठके!" आणि त्यावर आईचा, "तुमी बोलू नगा!"

तिसऱ्या आठवड्यात खरी अडचण सुरू झाली. अब्बा ऐकत होते. दिवसभर उताणे पडून ते भिंतीतून येणारा प्रत्येक आवाज ऐकत. "डाव्या म्होरल्या पायाचा नाल ढिला झालाय. दस्तगीरला सांग." चाचांनी पाहिलं, ढिला होता. "पानी गार पाजलं तिला. खोकती." "खरारा उलटा करतोय त्यो." प्रत्येक वाक्यासरशी त्यांचं कोपर गादीत रुतत असे आणि खांदा बोटभर वर येई. आई पुढे होऊन खांदा खाली दाबी. तिला रात्रीची झोप नव्हती. एकदा चुलीपुढे ती मला म्हणाली, "त्यांचा जीव त्या भिंतीपल्याड हाय. आपुन भिंतीच्या अल्याड किती धरनार?"

आणि मग वळवाची दुपार आली. मांडवी डोंगराकडून काळं भरून आलं. चाचा टांग्याचं चाक घेऊन लोहाराकडे गेले होते, त्यामुळे घोडी घरीच होती. मी पलंगाच्या पायथ्याशी पेपर घेऊन बसले होते. पायाळू माणसावर वीज पडते असंही मानत, म्हणून गडगडायला लागलं की मला उंबऱ्याबाहेर पाय टाकायला बंदी होती. पहिली वीज अगदी जवळ कडाडली आणि चांदणीनं भिंतीवर लाथ घातली. झरोक्यातून माती पडली. दुसऱ्या विजेला ती किंचाळली. घोडी किंचाळते तेव्हा तो आवाज बाईचा वाटतो. दाव्याला बसणारे हिसके आम्हाला ऐकू येत होते.

"दावं मानंत अडकंल तिच्या," अब्बा म्हणाले आणि उठू लागले. कोपर टेकलं, मान उचलली, एक पाय पलंगाच्या कडेला आला. आई धावली, तिनं दोन्ही हातांनी खांदे धरले. "अहो नका! पाया पडते." त्यांनी तिला एका हातानं बाजूला केलं. घाटाच्या उतारावर भरलेला टांगा आवरणारे हात ते. आम्ही दोघी मिळून त्यांना धरू शकलो नसतो, आणि धरताना जी झटापट झाली असती तीच डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट घडवून आणायला पुरली असती. हे मी त्या वेळी विचार करून केलं असं म्हणणार नाही. मी पेपर टाकला आणि माझी उजवी टाच त्यांच्या नडगीवर ठेवली.

"अब्बा, पाय लावलाय. काढेपर्यंत हलायचं नाही."

ते थांबले. कोपर गादीवर, मान वर, तसेच. माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूहळू मान उशीवर गेली, कोपर सरळ झालं, कडेला आलेला पाय मागे आला. ते काही बोलले नाहीत. भिंतीपलीकडे लाथ बसली आणि त्यांचे डोळे गच्च मिटले, पण अंग हललं नाही. मला तेव्हा उमगलं की ते बोलणारही नाहीत, आणि घोडीला काय करायचं हे त्या घरात फक्त त्यांनाच माहीत होतं. मी म्हणाले, "बोलायची परवानगी आहे. हळू."

"तिच्या मागनं जाऊ नको म्हनावं," अब्बा आईकडे न पाहता म्हणाले. "डाव्या अंगानं. नाव घेत जायचं, म्हंजे तिला कळतं कोन आलंय. पोतं घे. डोळ्यावर टाकायचं. मग दावं सोडायचं, आदी न्हाई."

आई क्षणभर दारात उभी राहिली. मग खुंटीवरचं पोतं घेऊन बाहेर पडली. ती तबेल्यात शिरताना मी पाहिलं नाही, मला उंबरा ओलांडायचा नव्हता आणि पायही काढायचा नव्हता. आम्ही दोघांनी ते झरोक्यातून ऐकलं. "चांदणे… ए चांदणे… मी हाय गं." खुरांचा आवाज. "अगं बाई, तू भ्यालीस तर मी पन भ्यालीया. दोगी भिऊन कसं चालंल? थांब. थांब म्हनते ना." पुन्हा वीज. एक आपटल्याचा आवाज, मग बराच वेळ फक्त पाऊस. मग पोत्याची सळसळ आणि लांब फुरफुर. अब्बांनी सोडलेला श्वास माझ्या टाचेपर्यंत कळला. आई परत आली तेव्हा तिचं लुगडं चिखलानं भरलं होतं आणि कोपराला खरचटलं होतं. ती म्हणाली, "गूळ दिला. खाल्ला तिनं. हातातनं." आणि खाली बसून रडायला लागली.

त्यानंतर तोच आमचा उपचार झाला. कोपर गादीत रुतलं की मी पायथ्याशी जाऊन टाच टेकवी. नंतर नंतर तर मी पेपर वाचताना, तांदूळ निवडतानाही पाय तसाच ठेवत असे. त्यांनी नियम का पाळला, हे मी पुढे एकदा विचारलं. म्हणाले, "एवढी मानसं अंगनात पालथी घातली, दटावनारा मीच. आता माझ्यावर आली तर मीच मोडू व्हय?" डॉक्टरांनी हे एका भेटीत पाहिलं. "हे काय चाललंय?" अब्बांनी ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बोट केलं. तेवढं बोट मी चालवून घेतलं. मी सगळं सांगितलं, वळवाच्या दुपारसकट. डॉक्टरांनी नाडी धरली, बराच वेळ धरली. मग नळी पिशवीत टाकत म्हणाले, "दिवसातून किती वेळा?"

"लागेल तसं."

"चालू ठेव."

सहा आठवडे पुरे झाले त्या सकाळी खोलीत आम्ही सगळे होतो. आईनं धुतलेला सदरा काढून ठेवला होता. चाचांनी त्यातल्या त्यात बरी दाढी केली होती. ठकूमावशी, आता आत यायची परवानगी मिळालेली, दाराशी टेकून उभी होती. भिंतीपलीकडे खरारा झालेली चांदणी हरभरे चावत होती. डॉक्टरांनी छाती तपासली, पुन्हा तपासली, आणि बाजूला सरकून म्हणाले, "हं. आधी बसा. मग पाय खाली सोडा. घाई नको."

अब्बा हलले नाहीत.

"काय झालं? कळ येतेय का?" डॉक्टर वाकले. आई पुढे झाली. अब्बांनी मानही हलवली नाही. ओठ मिटलेले. फक्त डोळे खाली वळवून त्यांनी पलंगाच्या पायथ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

माझी टाच त्यांच्या नडगीवर होती. सकाळी पेपर वाचायला बसले तेव्हा ठेवली होती, आणि मी विसरून गेले होते.

मी पाय काढला. वाकून सलाम केला. मग ते उठले.